टोपरं घातलेले दिवे

वन्सं, परवाची अमावास्या झाली. तुमच्या तेराव्याला आलेले पाहुणे कधीच पांगले. मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली आणि अंगण एकदम मोठं झालं. पूजा म्हणाली, "आई, आत्याबद्दल काहीतरी लिही, पेपरात देऊ." मी बसले, पण पेपरात असतं तसं जमेना. जन्म कुठं, शिक्षण किती, मागं कोण कोण. ते तुम्हाला माहीत आहे आणि गावालाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. मधेच तोडून "वैनी, मुद्द्यावर या" असं म्हणायला आज तुम्ही नाही, तेव्हा मी माझ्या चालीनं बोलणार आहे.

मी तुमच्या धाकट्या भावाची बायको, तरी तुम्ही मला पहिल्या दिवसापासून वैनीच म्हणालात. निरवांगीहून लग्न होऊन मी इथं पळसदेवच्या खालच्या अंगाला, उजनीच्या पाण्याकाठी आले, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस मला स्वयंपाकाचंच काहीतरी विचारत होतं. त्या शनिवारी तुम्ही बारामतीहून आलात. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेली लांबलचक नळी. मला वाटलं, बोअरचा पाइप आणला की काय. संध्याकाळी भारनियमनात लाइट गेली, आणि तुम्ही अंगणात ती नळी मांडून मला हाक मारलीत. "डोळा लावा. हात लावू नका."

आत एक पिवळसर गोळी होती आणि तिला कडं होतं. मी डोळा काढला, नळीच्या दुसऱ्या तोंडाशी गेले आणि तिथं कुणी चित्र चिकटवलंय का ते बघितलं. तुम्ही इतक्या हसलात की तुमच्या आई, आत्याबाई, चुलीपुढनं उठून बाहेर आल्या. मग तुम्ही हसू आवरून विचारलंत, "काय दिसलं?" आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिलात. त्या घरात माझ्या उत्तरासाठी थांबलेलं पहिलं माणूस तुम्ही. शनी मी त्यानंतर पुष्कळदा बघितला असेल. ते थांबणं मात्र अजून आठवतं.

बारामतीत तुम्ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये होतात. दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला आणि संध्याकाळी दुर्बिणीला. "मधलं जग बघायचं राहूनच गेलं, वैनी," असं एकदा सहज म्हणाला होतात. लग्न का केलं नाही हे मी त्यावर विचारणार होते. विचारलं नाही. तुम्ही लगेच चहा टाका म्हणालात.

बारामतीच्या कडेला, जळोचीला तुम्ही गच्चीवरची खोली भाड्यानं घेतलीत तेव्हा तिन्ही बाजूंना ज्वारी होती. मी बाळंतपणानंतर तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा पूजाला मांडीवर घेऊन आपण गच्चीवर पडायचो. वारा सुटला की ज्वारीची पानं वाजायची आणि आभाळ एवढं खाली यायचं की लेकरू त्याला हात करायचं. मग प्लॉट पडले. इमारती आल्या, दुकानांच्या पाट्या आल्या, मोठमोठे फलक आले. पंगतीतनं माणसं उठून जावीत तसे तुमच्या गच्चीवरनं तारे उठून गेले. कृत्तिका आधी गेल्या, असं तुम्ही सांगायचात. गावातली बातमी सांगावी तशा आवाजात.

रविवारी तुमची मंडळी जमायची. साखर कारखान्यातनं वायरमन म्हणून निवृत्त झालेले दिलीपराव, कॉलेजात शिकवणारे दोघं, एक मोबाइलच्या दुकानाचा मालक. आधी सगळे मिळून आभाळ बघायचे. पुढं आभाळच दिसेना, तेव्हा उजेडाच्या मागं लागले. पण तुमचा मार्ग भांडणाचा नव्हता. दुकानदारांकडे जायचं, चहा घ्यायचा आणि म्हणायचं, दुकान बंद केल्यावर पाटी बंद कराल का, दिव्याचं तोंड खाली वळवाल का. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं.

त्या मंगल कार्यालयवाल्याची गोष्ट तर तुम्ही आम्हाला नक्कल करून दाखवलीत. त्यानं आभाळात गरागरा फिरणारा झोत लावला होता. तुम्ही विनंती करायला गेलात तर तो म्हणाला, "मॅडम, आभाळ काय तुमच्या सातबाऱ्यावर हाय का?"

तुम्ही म्हणालात, "न्हाय. आन तुमच्याबी न्हाय."

तो हसला, आणि लग्न नसेल त्या दिवशी झोत बंद ठेवतो म्हणाला. ठेवलाही त्यानं. तुमच्या मंडळींना तेवढंही पुष्कळ वाटलं. त्या आठवड्यात तुम्ही फोनवर किती वेळ बोललात. मृगाच्या पायाशी ढगासारखं काहीतरी दिसलं म्हणून.

आणि त्याच दिवसांत इकडे मी हायमास्टसाठी, उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांसाठी, इंदापूरला पंचायत समितीत खेपा घालत होते.

ते तुम्हाला मी सांगितलं नव्हतं असं नाही. बिबट्या आला तेव्हाच सांगितलं होतं. शेजारच्या तात्यांच्या गोठ्यातनं त्यानं कालवड ओढून नेली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्याकडं जाणाऱ्या वाटेवर त्याची पावलं दिसली. पूजा इंदापूरला कॉलेजला जायची. ती गाडीतनं उतरायची तेव्हा दिवस मावळलेला असायचा, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस. मी ग्रामपंचायतीवर निवडून आले ते बायकांच्या मतांवर. त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. उजेड द्या म्हणाल्या. मी दिला. खांब उभा राहिला त्या संध्याकाळी बायकांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. मला वाटलं, जन्माचं काम झालं.

पुढच्या शनिवारी तुम्ही आलात. अंगणात उभ्या राहिलात. उजेड आपल्या घरावरनं, परसातनं, पार पाण्यापर्यंत पसरला होता. तुम्ही वर बघितलंत आणि नळी पुन्हा गोधडीत गुंडाळलीत. तुम्ही ओरडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात पाणी फार मागं हटलं आणि पळसदेवचं धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं. आपण दोघी दिवस कलताना तिकडं चालत गेलो. भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले, घरांच्या जोत्यांच्या दगडी रेघा. आत्याबाईंचं माहेर त्या रेघांतच कुठंतरी. देवळाचे दगड दिवसभराच्या उन्हानं ऊबदार होते. त्यावर पाठ टेकून बसलो तर वाटलं, आपण पाण्याच्या तळाशीच बसलोय आणि वरनं होड्या चालल्यात. तिथंसुद्धा काठावरच्या खांबाचा उजेड पोचत होता.

तुम्ही म्हणालात, "वैनी, गाव बुडालं ते समद्यांना दिसलं. आभाळ बुडतंय ते कुणाला दिसंना."

मी म्हणाले, "वन्सं, माझी पोर अंधारातनं घरी येती. तुमचं आभाळ तिला सोबत करतंय व्हय?"

तुम्ही एक शिंपला उचलून बोटांत फिरवलात. मला वाटलं, रागावलात. मग म्हणालात, "न्हाय करत. पण त्यो खांब तरी करतोय का, ते एकदा बघू."

तुमचं हेच मला आवडायचं आणि यानंच मी चिडायचे. तुम्ही समोरच्याचं म्हणणं खरं मानायचात आणि तिथनं पुढं चालू लागायचात.

पाऊसकाळ गेला, पाणी चढलं, थंडी पडली. एका संध्याकाळी तुम्ही कमळला गाठलंत. कमळ आणि तिचा नवरा होडी घालून चिलापी मासे धरतात. त्यांच्या होडीत बसायचं तुम्ही ठरवलंत आणि मलाही ओढलंत. पूजाला म्हणालात, तू काठावर थांब, आम्ही येईपर्यंत. आत गेलो तेव्हा उजेड होता. पाणी आधी गुलाबी झालं, मग राखाडी, आणि दूरवर रोहित पक्ष्यांची रांग पाण्यावरच झोपल्यासारखी उभी होती. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नव्हतं. तुम्ही पाण्यात बोटं घालून बसला होतात. जगात सगळं नीट चाललंय असं मला वाटलेल्या मोजक्या संध्याकाळींतली ती एक.

परत वळलो आणि खांब पेटला. उजेड सरळ डोळ्यांत आला आणि पाण्यावरही तोच पसरला. कमळच्या नवऱ्यानं कपाळावर हात धरला तरी होडी दुसऱ्याच्या जाळ्यात शिरली. तो म्हणाला, रोजचंच आहे हे, खांब लागल्यापासनं.  तुम्ही मला फक्त विचारलंत, "वैनी, पोर कुठं उभी हाय?"

मी बघितलं. पांढरा झगझगाट होता आणि त्याच्यामागं काळंकुट्ट. खांब होता, काठ होता, पूजा नव्हती. मी हाक मारली. "हितंच हाय मी, आई," असा आवाज आला तो मी बघत होते त्याच्या भलत्याच बाजूनं, उसाच्या कडेनं. ती आम्हाला हात करत होती म्हणे.  तिथं दुसरं कुणी उभं असतं तर तेही मला दिसलं नसतं.

"बघितलंत?" असं तुम्ही म्हणाला नाहीत. ओली बोटं माझ्या हातावर ठेवलीत. काठ आल्यावर मीच म्हणाले, "खांब काढायचा न्हाय, वन्सं."

"न्हाय काढायचा," तुम्ही म्हणालात. "नुसती मान खाली घालायला लावायची."

ग्रामसभेत मात्र तुमची बोबडी वळली. बारामतीचे दुकानदार पालथे घालणाऱ्या तुम्ही, आपल्याच गावापुढं उभ्या राहिलात आणि पदराशी चाळा करत दोन वाक्यं कशीबशी बोललात. तात्या उठले. कालवड त्यांचीच गेली होती. ते म्हणाले, दिवा झाकायचा म्हणजे बिबट्याला जेवायला बोलवायचं. लोक हसले. तुम्ही खाली बसलात. मग मी उठले. होडीतली गोष्ट सांगितली, पूजाची सांगितली. म्हणाले, एक महिना करून बघू, नाही पटलं तर पहिल्यासारखं करू आणि मी पंचायतीचा राजीनामा देईन. तुमचा भाऊ मान हलवत होता, नको नको म्हणून. बोलून गेले होते.

दिलीपराव दोन-तीन दिवस आपल्याच अंगणात पत्रा कापत, ठोकत बसले. हायमास्टच्या दिव्यांना पत्र्याची झाकणं घालून त्यांची तोंडं जमिनीकडं वळवली. थांब्याच्या वाटेवर वळणावळणाला बुटके, पिवळसर दिवे लावले, त्यांनाही तशीच झाकणं. बायका बघायला जमल्या. कमळ म्हणाली, "दिव्याला टोपरं घातलं की गं, बाळागत." तेव्हापासून गावात त्यांना टोपरंच म्हणतात.

तो महिना कसा गेला ते मी तुम्हाला सांगितलं नाही. कुत्रं भुंकलं तरी उठून बसायचे. बिबट्या आला असता तर टोपऱ्यांमुळंच आला असं झालं असतं. आला नाही. उसातनं निघून गेला असेल, त्याचं त्याला ठाऊक. महिना संपता संपता तात्या ओसरीवर येऊन बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "वाटंवरचा खड्डा दिसाय लागला आता." एवढंच. मी तुम्हाला लगेच फोन केला. तुम्ही ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलंत.

बारामतीच्या अंगाला आभाळ तांबूसच राहिलं. हायवेचा उजेडही आहेच. पण डोक्यावरचं आणि पाण्याकडचं आभाळ परत आलं. तुमची मंडळी जळोचीची गच्ची सोडून आपल्या काठावर यायला लागली. कमळच्या होडीवर दुर्बीण ठेवायची का, यावर तुम्ही आणि दिलीपराव वाद घालायचात. होडी हलते, त्यात आभाळही हलणार, एवढं साधं मला कळत होतं, पण तुम्हा दोघांना त्या वादातच गोडी होती.

आता जे मला बोलायचंय ते अवघड आहे, वन्सं.

तुम्ही आजारी आहात हे आम्हाला कळलं तेव्हा फार पुढं गेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं. मग तुमच्या लॅबमधली मुलगी माझ्याजवळ रडली. म्हणाली, मॅडमनी स्वतःचं रक्त स्वतःच काचेवर घेतलं होतं, आणि बघून झाल्यावर काच धुऊन जागेवर ठेवली होती. कधी, ते तिनं सांगितलं. मी मनात हिशोब लावला. होडीत बसलो होतो त्याच्या आधी. पाण्यात बोटं घालून तुम्ही बसला होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. ग्रामसभेत माहीत होतं. तात्यांचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलंत तेव्हाही.

मला राग आला, आणि अजून आहे. एकेका दुकानदाराला समजावण्यात तुम्ही वेळ घालवलात आणि आम्हाला एक वाक्य सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर पुण्याला नेलं असतं, काहीतरी केलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, काही झालं नसतं. आपला हा वाद राहूनच गेला. त्यात माझीच बाजू बरोबर आहे असं मला आजही वाटतं.

शेवटचे दिवस तुम्ही आपल्या अंगणात काढलेत, बाजेवर. दुपारी झोप लागायची. संध्याकाळी जाग आली की चेहरा वर. नजर मंदावली होती. मग तुम्ही मला म्हणायचात, तुम्हीच सांगा काय दिसतंय. मी सांगायचे. व्याधाला रोहिणी म्हणायचे, तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचात, "न्हाय, त्यो निळसर दिसतोय का? मग व्याध." आणि खरंच तो निळसर असायचा. तुमच्या डोक्याखाली उशी सारताना कितीदा वाटलं की आता विचारावं, भीती वाटते का. त्याऐवजी एकदा मी म्हणाले, माणूस गेल्यावर तारा होतो म्हणतात. तुम्ही हसलात. म्हणालात, "मला तितं धाडू नका, वैनी. लई लांब हाय. हितंच बरं हाय."

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सरपंच घरी आले. माणूस मनानं चांगला. म्हणाले, शालनताईंनी गावासाठी एवढं केलं, त्यांच्या नावानं काठावर मोठा हायमास्ट लावू, तालुक्यात नसेल असा. तुमच्या भावाचे डोळे भरून आले. तो लावा म्हणाला. त्याला त्या क्षणी फक्त तुमचं नाव ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "नको."

तुमचा भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "ती गेली आता. आता तरी तिच्याशी वाद घालू नको."

वन्सं, मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर एकटीनं तुमच्या बाजूनं भांडत होते, आणि ज्यांना ते ऐकून मजा वाटली असती त्या तुम्हीच नव्हतात.  तेव्हा आत्याबाई बोलल्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी बोलल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "माज्या लेकीला दिवा लावू नका. एक सांज गावाचे दिवे बंद ठिवा. मला तिच्यासंगं जरा बसायचंय."

परवा ते झालं. जेवणं उरकल्यावर लोकांनी आपापल्या घरचे दिवे मालवले. कुणाला सांगावं लागलं नाही. तात्या हातात काठी आणि बॅटरी घेऊन वाटेवर फिरत राहिले. बारामतीहून दिलीपराव आणि मंडळी आली होती. पंचायतीचा सुभाष खांबाच्या पेटीशी उभा होता. त्यानं खटका पाडला आणि काठ, वाट, ऊस, सगळं हळूच कुणीतरी हातातनं काढून घेतल्यासारखं गेलं. क्षणभर लोक घाबरले. एक लेकरू रडलं. मग डोळे सरावले आणि माणसं एकमेकांना पुसट दिसू लागली. पाण्यातही तारे होते. होड्या काठाला लागलेल्या, त्यांच्याभोवती ते हलत होते. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आत्याबाईंना मी खुर्ची आणून दिली होती. त्यांनी मान वर केली, उत्तरेकडं वळवली आणि सप्तर्षींकडं बोट दाखवलं. "त्ये बघ म्हातारीचं बाजलं. आन त्ये तीन चोर, बाजलं पळवाय निघालेले. पळसदेवाच्या माळवदावर निजायचो तवा रोज दिसायचं." मग म्हणाल्या, "शालनला मीच दावलं. एवढीशी व्हती. चोरांना धरा म्हणून रडली."

इतक्या वर्षांत तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. तुमची सगळी विद्या पुस्तकातली आणि बारामतीची, असंच मी धरून चालले होते. त्या माउलीचा हात हवेत तसाच होता आणि आपली पूजा त्या बोटामागं डोळा लावून चोर शोधत होती.

ठरलेला वेळ होऊन गेला. सुभाष अंधारातनं चाचपडत माझ्याजवळ आला. पंचायतीची सदस्य म्हणून मलाच विचारायचं होतं त्याला. अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, लावू का आता?"

मी म्हणाले, "थांब जरा. त्या बसल्यात अजून."